पेजेतली गोळी

वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात एका वाचकाने मला विचारलं होतं, की इस्पितळात समाजसेविका म्हणून तीस वर्षं काढल्यावर मनात घर करून राहिलेला चित्रपट कोणता. मी 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'चं नाव घेतलं आणि त्यावर जेमतेम दहा ओळी लिहिल्या. त्या दहा ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही जण रागावलेत. म्हापशाच्या एका आजोबांनी असला चित्रपट सुचवल्याबद्दल मला चांगलंच फैलावर घेतलंय. आज तीन पत्रं घेते आहे. तिसरं पत्र डिचोली तालुक्यातल्या एका बाईंचं आहे आणि खरं तर हा अख्खा मजकूर त्यांच्यासाठीच आहे. पहिल्या दोघांची उत्तरं थोडक्यात उरकली तर त्यांनी राग मानू नये.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. काळ नजीकच्या भविष्यातला, जागा इंग्लंड. अलेक्स नावाचा एक पोरगा आणि त्याचे तीन साथीदार रात्री बाहेर पडतात, म्हाताऱ्यांना तुडवतात, घरांत घुसतात, बायकांवर बलात्कार करतात. त्या पोराला बीथोव्हेनचं संगीत प्राणापलीकडे आवडतं. एका घरात बाई मरते, साथीदार दगा देतात, अलेक्सला चौदा वर्षांची शिक्षा होते. दोन वर्षांनी सरकार एक नवा उपचार आणतं. दोन आठवडे उपचार घ्या आणि सुटा. इंजेक्शन द्यायचं, खुर्चीला बांधायचं, पापण्या चिमट्यांनी उघड्या ठेवायच्या आणि मारहाणीची, बलात्काराची दृश्यं दाखवत राहायचं. इंजेक्शनने पोटात ढवळतं आणि ते ढवळणं त्या दृश्यांना कायमचं चिकटतं. बाहेर आल्यावर हात उगारायचा विचार आला तरी पोराला ओकारी येते. त्यातल्या एका चित्रफितीला बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचं पार्श्वसंगीत होतं, म्हणून तीही गेली. मग त्याने ज्यांना छळलं ते एकेक करून सूड घेतात, आणि शेवटी तो खिडकीतून उडी टाकतो. वर्तमानपत्रं सरकारला झोडपतात. सरकार गुपचूप उपचार उलटा फिरवतं आणि पोराला पुन्हा पहिल्यासारखा करून ठेवतं.

पत्र पहिलं

*मी १९ वर्षांची आहे, पर्वरीला राहते, गेल्या वर्षी पहिल्यांदा इफ्फी या चित्रपट महोत्सवाचं प्रतिनिधी कार्ड काढलं. ताई, या चित्रपटावर इंग्लंडमध्ये पंचवीस वर्षं बंदी होती असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग तुम्ही तो सुचवता कसा? आणि मी तो बघावा का?*

बंदी नव्हती, बाळा. हा गैरसमज खूप पसरलेला आहे. तिथल्या सेन्सॉरने तो एकही कात्री न लावता फक्त प्रौढांसाठी म्हणून मंजूर केला होता आणि जानेवारी १९७२ मध्ये तो लंडनला लागला. पुढे झालं असं, की कुठे पोरांनी मारामारी केली की वर्तमानपत्रं आणि वकील या चित्रपटाकडे बोट दाखवू लागले. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक अमेरिकन खरा, पण बायकामुलांसह इंग्लंडमध्येच राहत होता. घरी धमक्या येऊ लागल्या. तेव्हा त्याने स्वतःच कंपनीला सांगून ब्रिटनपुरता चित्रपट मागे घेतला. तो ७ मार्च १९९९ ला वारला आणि त्यानंतरच, २००० साली, तिथल्या पडद्यावर तो पुन्हा आला. मधल्या काळात लंडनच्या स्काला नावाच्या सिनेमागृहाने परवानगीशिवाय एक खेळ लावला, तर ते खटला हरले. जगात इतरत्र चित्रपट दाखवला जात होता. म्हणजे कोणी लादलेली बंदी नव्हती, करणाऱ्यानेच आपल्या कलाकृतीवर पडदा टाकला होता. इच्छास्वातंत्र्याबद्दलच्या चित्रपटाच्या वाट्याला हे यावं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. कुब्रिकला दोष देववत नाही. माझ्या मुलांच्या नावाने पत्रं आली असती तर मीही तेच केलं असतं.

बघावा का? १९ व्या वर्षी बघ. पण मोबाईलवर नको आणि रात्री एकटीने नको. पहिला पाऊण तास फार जड जातो, त्यातल्या एका दृश्यात तो पोरगा एक जुनं आनंदी गाणं गुणगुणत एका घराची राखरांगोळी करतो, आणि ते गाणं नंतर कधीच पहिल्यासारखं ऐकू येत नाही. तुझ्यावर किंवा तुझ्या जवळच्या कोणावर असा प्रसंग आलेला असेल तर मात्र बघू नकोस. त्यात काही कमीपणा नाही.

पत्र दुसरं

*मी काणकोणचा निवृत्त शिक्षक. तुमच्या सांगण्यावरून नातवाकडून चित्रपट लावून घेतला. बाई, मला त्या पोराची अजिबात दया आली नाही. ज्या बाईची अब्रू घेतली तिच्या स्वातंत्र्याचं काय? अशा नराधमाला ओकाऱ्या येत असतील तर येऊ देत! त्याच्या इच्छास्वातंत्र्याची चिंता आम्ही का वाहावी?*

गुरुजी, तुमचा राग खरा आहे आणि चित्रपटाने त्याला पुरेशी जागा दिलेली नाही, हेही खरं. कॅमेरा सतत अलेक्सच्या बाजूने आहे. त्याच्याच तोंडून आपण गोष्ट ऐकतो, तो आपल्याशी गोड बोलतो, आणि माल्कम मॅक्डॉवेल या नटाचा चेहरा असा आहे की नजर हलत नाही. ज्या बायकांवर हल्ला झाला त्यांना मात्र फारसं बोलायलाच मिळत नाही. ज्या लेखकाच्या घरात पोरं घुसतात त्याची बायको आपल्याला कळते किती? तिला कोणती पुस्तकं आवडत होती, ती सकाळी किती वाजता उठायची, काही म्हणजे काही नाही. कितीही मोठा दिग्दर्शक असला तरी ही उणीव मी एक बाई म्हणून माफ करू शकलेले नाही.

पण मूळ कादंबरी ज्याने लिहिली त्याची गोष्ट ऐका. अँथनी बर्जेस हे त्याचं नाव, कादंबरी १९६२ ची. १९४४ साली, युद्धाच्या दिव्यांविनाच्या रात्रीत, लंडनच्या रस्त्यावर त्याच्या बायकोवर अमेरिकन सैनिकांनी हल्ला केला होता. तिला दिवस गेले होते, ते मूल राहिलं नाही. पुढे तो कादंबरी लिहायला बसला तेव्हा त्यात एक घर आलं, घरात एक लेखक आणि त्याची बायको. त्यांच्यावर पोरं तुटून पडतात. तो लेखक जे पुस्तक लिहीत असतो त्याचं नावही हेच, 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'. म्हणजे ज्या घराचं वाटोळं झालं ते बर्जेसचं स्वतःचंच घर. आणि त्या घराच्या मालकाचं नाव अलेक्झांडर ठेवलंय, मारणाऱ्याचं अलेक्स. हा माणूस तुमच्या-माझ्यापेक्षा त्या दुःखाच्या जास्त जवळ होता. तरी तो म्हणाला, की या पोराला कोंडा, पण त्याचं किल्लीचं खेळणं करू नका.

चित्रपटात हे म्हणणारा तुरुंगातला पाद्री आहे. तो तुरुंग बंद करा असं कधीच म्हणत नाही. शिक्षेला त्याचा विरोध नाही. शिक्षा करताना आपण समोरच्याला म्हणतो, हे तू केलंस, तू वेगळं करू शकला असतास. त्या उपचारात हे म्हणायला कोणी उरतच नाही. पोराला लोकांसमोर रंगमंचावर उभा करतात, एक माणूस त्याला बूट चाटायला लावतो, पोरगा चाटतो, आणि सभागृह टाळ्या वाजवतं. पाद्री उठून विचारतो, याला निवड कुठे आहे? मंत्री म्हणतो, असल्या बारकाव्यांशी आम्हाला देणंघेणं नाही, आम्हाला गुन्हे कमी करायचे आहेत, आणि हे लागू पडतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. चिंता का वाहावी? तोच मंत्री त्याआधी तुरुंगात फिरताना सहज बोलून जातो, की लवकरच या कोठड्या राजकीय कैद्यांसाठी लागणार आहेत. चोर-दरोडेखोरांना दोन आठवड्यांत वाटेला लावायचं ते त्यासाठी. नराधमासाठी बनवलेली खुर्ची नराधमापाशी थांबत नाही, गुरुजी. हे फक्त सिनेमातलं नाही. त्याच ब्रिटनमध्ये, त्या कादंबरीच्या आगेमागेच, पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांना इस्पितळात ठेवून ओकारीची इंजेक्शनं देत, विजेचे झटके देत आणि समोर चित्रं दाखवत. त्यांनी कोणाच्या केसालाही धक्का लावलेला नव्हता. आपल्याकडे ते नातं गुन्ह्याच्या यादीतून निघायला २०१८ साल उजाडलं.

कादंबरीचं शेवटचं, २१ वं प्रकरण चित्रपटात नाही, कारण अमेरिकन प्रकाशकाने ते गाळलं होतं आणि कुब्रिकने तीच प्रत धरली. त्या प्रकरणात अलेक्स आपोआप कंटाळतो. मारामारीत रस राहत नाही, आपल्याला बायको असावी, पोरगा असावा असं वाटू लागतं. अनेकांना ते गुळमुळीत वाटतं. मला नाही वाटत. वयाबरोबर निवळलेली पोरं मी वॉर्डात आणि वॉर्डाबाहेर मोजता येणार नाहीत इतकी पाहिली आहेत. अर्थात त्या बाईला याचा काही उपयोग नाही, हे तुमचं म्हणणं शिल्लक राहतंच, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पत्र तिसरं

*ताई, मी डिचोली तालुक्यातली. माझे मिस्टर ४९ वर्षांचे. खाण चालू होती तेव्हा आमचा स्वतःचा ट्रक होता. २०१२ ला खाण बंद पडली, मधे सुरू झाली, २०१८ ला परत बंद. ट्रक विकावा लागला. पिणं आधीही होतं पण शनिवारपुरतं. आता रोज आहे. काजूच्या दिवसांत, हुर्राक निघालं की बघायलाच नको. मारत नाहीत, पण घरात पैसा राहत नाही आणि मुलगी त्यांच्याशी बोलत नाही. शेजारच्या वहिनींनी मला गोळ्यांची एक पट्टी आणून दिली आहे. त्यांच्या भावाला हीच दिली होती म्हणे, त्याने दारू सोडली. जेवणात कुस्करून घालायची, वास नाही, चव नाही, त्यांना कळणार नाही. मी घालणारच होते. पण मुलीने मला तुम्ही लिहिलेला तो चित्रपट दाखवला, मधे मधे थांबवून समजावला. तो पाद्री म्हणतो ते ऐकून माझा हात थांबला. ताई, पाद्री खरा की माझं घर? पट्टी तांदळाच्या डब्यात ठेवली आहे.*

बाई, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. शेवटच्या वाक्याने माझ्या अंगावर काटा आला. का ते सांगते.

१९९३ साल असेल. माझ्याकडे एक बाई यायची, नवरा मांडवीत खनिजाच्या बार्जवर खलाशी. रोजची दारू, अंगावर कर्ज, दोन लहान मुलं. नवरा इस्पितळात यायला तयार नव्हता. ती माझ्या टेबलासमोर बसून म्हणाली, "आतां हांव कितें करूं, बाये?" आणि मी तिला सांगितलं. हीच गोळी, जी तुमच्या डब्यात आहे. सकाळच्या पेजेत कुस्करून घाल म्हणाले. असं सांगणारी तेव्हा मी एकटी नव्हते, पण तिला सांगितलं ते मीच. तुम्ही मुलीबरोबर पाहिलात तो चित्रपट मी त्याआधी पाच वर्षं, पणजीत एका डॉक्टरांच्या क्वार्टरमध्ये व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता. पापण्यांना चिमटे लावलेलं ते दृश्य बघून मला रात्रभर झोप आली नव्हती. ते चिमटे खरे होते. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत वापरतात तसले. बाजूला उभा राहून थेंब टाकणारा माणूसही खराखुरा डॉक्टर होता, आणि तरी त्या नटाच्या बुबुळाला ओरखडा गेला. हे सगळं माहीत असून पाच वर्षांनी मी त्या बाईला पेजेत गोळी घालायला शिकवलं. खुर्ची दिसली की कळतं. पेजेचं भांडं दिसलं की कळत नाही.

पुढे काय झालं ते ऐका. तिसऱ्या दिवशी नवरा बार्जवर प्यायला. तोंड लालबुंद झालं, डोकं फुटायला आलं, छातीत धडधड, ओकाऱ्यांवर ओकाऱ्या. सोबतच्यांना वाटलं पटकीच झाली. होडीतून किनाऱ्याला आणलं. नशीब म्हणून वाचला. हृदयाचं दुखणं लागलं अशा समजुतीने पाच महिने त्याने दारूला हात लावला नाही. ती बाई माझ्यासाठी नारळ घेऊन आली होती. मी ते घेतले.

मग एके दिवशी त्याला ती पट्टी सापडली. तांदळाच्या डब्यात.

त्याने तिला मारलं नाही, ओरडलाही नाही. एवढंच म्हणाला, "म्हाका सांगपाक जाय आशिल्लें." मला सांगायला हवं होतं. आणि त्या दिवसापासून त्याने तिच्या हातचं खाणं सोडलं. त्याच घरात राहून. केळी खायचा, कारण ती स्वतः सोलता येतात. उकडलेलं अंडं खायचा, तेही स्वतः उकडून. पदेराकडून पाव स्वतः दारात उभा राहून घ्यायचा आणि तिथेच खायचा. पाणी विहिरीवरून स्वतः ओढून. दारू महिन्याभरात परत सुरू झाली, कारण बाटली सीलबंद मिळते.

तुमच्या मुलीला विचारा, चित्रपटात तिच्या एक गोष्ट लक्षात आली का. त्यात प्रत्येक जण दुसऱ्याला काहीतरी देतो आणि नाव भलतंच सांगतो. पोरं दुधातून नशा घेतात, पण ते निदान त्यांना माहीत असतं. उपचारांच्या वेळी पोरगा डॉक्टरीण बाईंना विचारतो, हे इंजेक्शन जीवनसत्त्वाचं का? त्या म्हणतात, तसंच काहीसं. नंतर तो लेखक त्याला वाईन पाजतो, त्यात गुंगीचं औषध. कागदावरसुद्धा तसंच. सही घेताना वाचायला लागला तर दटावतात, वाचू नकोस, सही कर. अगदी शेवटी इस्पितळाच्या पलंगावर मंत्री स्वतःच्या हाताने त्याला घास भरवतो, आणि पोरगा पाखराच्या पिलासारखा आ करतो. बार्जवाल्याची गोष्ट घडल्यावर मी तो चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा खुर्चीपेक्षा मला हा घास जास्त भयंकर वाटला.

आता गोळीबद्दल, कारण गोळी स्वतः वाईट नाही. तिचं नाव डायसल्फिराम. आपण दारू घेतली की यकृत आधी तिचं एक विषारी द्रव्य बनवतं आणि लगेच त्याचा निचराही करतं. ही गोळी तो निचरा अडवते. विष साठतं आणि जे मी वर लिहिलं ते सगळं होतं. हृदय किंवा यकृत कमकुवत असेल तर जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे तिचा अंमल राहू शकतो. खोकल्याच्या काही औषधांत दारू असते, माडाच्या ताडीच्या विनेगरमध्ये तिचा अंश असतो, त्यानेही त्रास होऊ शकतो. जो माणूस गोळी घेतोय हे जाणतो तो हे सगळं टाळू शकतो. ज्याला पेजेतून मिळते तो टाळणार कसा? शिवाय दारू पोटात असताना गोळी देता येत नाही, शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास जावे लागतात. तुमचे मिस्टर रोज पितात. तुम्ही बारा तास कशावरून मोजणार?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ही गोळी मुळात माहीत असण्यावरच चालते. ती दारूची इच्छा कमी करत नाही. तिचं काम एवढंच, की माणसाला ठाऊक असतं, आज प्यायलो तर मेलो, म्हणून तो आज पीत नाही. जो जाणत नाही त्याच्यासाठी ते औषध नाही, विषबाधा आहे. डेन्मार्कच्या ज्या संशोधकांनी १९४८ साली ही गोळी जगापुढे आणली, त्यांच्यापैकी दोघांनी ती आधी स्वतःवर घेऊन पाहिली होती. आपण होऊन.

उघडपणे दिली तर याच गोळीने सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. डॉक्टर रक्त तपासतात, हृदय तपासतात, समजावून सांगतात, तो सही करतो आणि रोज सकाळी बायकोच्या समोर स्वतःच्या हाताने गोळी तोंडात टाकतो. सकाळी, हे लक्षात घ्या. सकाळी माणूस शुद्धीवर असतो आणि सोडायचं असं त्याला मनापासून वाटत असतं. संध्याकाळी सहा वाजता तोच माणूस वेगळा असतो. सकाळची गोळी त्या संध्याकाळच्या माणसाचे हात बांधते, पण बांधणारा तो स्वतःच असतो. जात्रेतल्या नाटकात, 'एकच प्याला'त, सुधाकराची शपथ आणि ती मोडणं आपण सगळ्यांनी डोळे पुसत पाहिलंय. नुसत्या शपथेला संध्याकाळ पेलवत नाही, म्हणून तिला गोळीचा आधार द्यायचा. तो पाद्री याला विरोध करणार नाही असं मला वाटतं.

तेव्हा पाद्री खरा की तुमचं घर, असं नाहीच ते. पाद्री तुमच्या घराच्याच बाजूने बोलतोय.

मग करायचं काय? संध्याकाळी काही बोलू नका. एखाद्या सकाळी, चहा झाल्यावर, ती पट्टी डब्यातून काढा आणि त्यांच्यासमोर ठेवा. सांगा, ही मी तुमच्या जेवणात घालणार होते, घातली नाही. रागावतील. रागावू द्या. मग म्हणा, आपण दोघं इस्पितळात जाऊ. नाही म्हणाले तर तुम्ही एकट्या जा, घरच्यांनाही तिथे सल्ला मिळतो. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे, फुकट आहे, त्यावर आधी बोलून घ्या. आणि ते हो म्हणाले तर त्याच जोशात, डॉक्टरांना न विचारता, घरच्या घरी दारू एकदम बंद करू देऊ नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, झटके, भ्रम हे सगळं येऊ शकतं. त्यावर औषध आहे, ते इस्पितळात मिळतं. डायसल्फिराम हा पुढचा प्रश्न, कदाचित ती लागणारही नाही. आता इच्छा कमी करणारी दुसरी औषधंही आहेत. कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण घ्यायचं का ते त्यांना ठरवू द्या. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारूच्या आजारालाही लागू आहे आणि संमती हा त्याचा पाया आहे.

बार्जवाल्याची बायको मला खूप वर्षांनी भेटली. मी तिच्या घरी गेले होते, माफी मागायलाच. तिने मला जेवायला थांबवलं. नवरा पिणं सोडून तीन वर्षं झाली होती, दारू सोडणाऱ्यांच्या एका बैठकीच्या गटात जाऊन, स्वतःहून. तिने त्याच्या ताटात भात वाढला, हुमण वाढलं, आणि ताट त्याच्यापुढे ठेवण्याआधी त्यातला एक घास स्वतः खाल्ला. मग ताट सरकवलं. तो जेवला. दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही. पानं वाढण्याइतकं ते त्यांच्या सवयीचं झालं होतं.

तुमच्या घरात अजून कोणाला असा पहिला घास खाऊन दाखवावा लागत नाही, बाई. पट्टी वहिनींना परत देऊ नका, त्या आणखी कोणाला देतील. इस्पितळात जाल तेव्हा पिशवीत टाकून न्या आणि तिथे द्या. आणि मुलीलाही सोबत घ्या. वडिलांशी ती बोलत नाही म्हणता, पण तुमच्याशेजारी बसून सव्वादोन तासांचा चित्रपट मधे मधे थांबवून तिने तुम्हाला समजावला आहे.